चाकावरची तांबडी रेघ

आमचा फोरमन अजून ठणठणीत आहे, तरी त्याचं नाव निघालं की लोक आताशा आवाज खाली आणतात आणि ‘माणूस ज्ञानी होता हो’ म्हणतात. मला हे ऐकवत नाही. ज्ञानी होता, कबूल. पण कंजुषाच्या घरातल्या तुपासारखं ते ज्ञान. फळीवर होतं, वास यायचा, पानात कधी पडलं नाही. आणि त्या न वाढलेल्या तुपापायी एका पोरीचा जीव जाता जाता राहिला आणि आमच्या हौसाक्काची नोकरी जायची वेळ आली. ज्यांनी हे पाहिलेलं नाही त्यांनी खुशाल आवाज खाली आणावा. मी आणणार नाही.

सातारा आणि सांगलीच्या मधे, उसाच्या पट्ट्यात, एक खासगी धावपट्टी आहे. एका साखरवाल्या घराण्याने ती स्वतःच्या विमानासाठी बांधली. पुढे विमान विकलं, पट्टी उरली, मग तिचं करायचं काय म्हणून तिथे विमान चालवायला शिकवायचा वर्ग काढला. चार लहान विमानं, पत्र्याचं एक मोठं हँगर, दोन शिक्षक, थोडे विद्यार्थी आणि चहूकडे ऊस. मी तिथे स्टोअर सांभाळतो. मी विट्याचा. माझे दोन्ही भाऊ परमुलखात गलाईची दुकानं टाकून सोनं गाळतात आणि मी इथे टायर राखत बसतो, यावरून घरात अजून बोलणी खातो.

फोरमन साताऱ्याकडचा. हवाई दलात त्याची सगळी नोकरी विमानांच्या चाकांत गेली. निवृत्त होऊन आमच्याकडे आला तो चाकांचा अधिकार पत्र्यावर कोरून आणल्यासारखाच आला. इंजिनाला तो किंमत देत नसे. इंजिन बंद पडलं तरी इमान खाली येतंच, पण खाली आल्यावर टायर लागतो, असं म्हणायचा. ऐकायला बरं वाटतं. इंजिनवाल्या मिस्त्रीच्या तोंडावर रोज म्हटलं की बरं वाटत नाही.

सकाळी ऊन चढायच्या आत तो हँगरात हजर असे. टायर गार असतानाच हवा तपासायची, हा त्याचा नेम. हवा मोजायचं गेज तो चष्म्याच्या डबीत, फडक्यात गुंडाळून, वरच्या खिशात बाळगायचा आणि घरी जाताना कपाटात ठेवून किल्ली बरोबर न्यायचा. दुसऱ्या कुणी गेजला हात लावला तर गेज बिघडतं, अशी त्याची समजूत. शिक्षकांपैकी एकाने एकदा मागितलं, तर याने त्याला आधी नखं दाखवायला लावली. माणूस विमान उडवतो, त्याची नखं काय बघायची? पण बघितली, आणि गेज दिलं नाहीच.

चाकाला पाय मारून हवा बघायची आपल्याकडे सगळ्यांना सवय. फोरमनसमोर कुणी तसं केलं की संपलं. एकदा मालकांच्या पुतण्याने, तोच आमचा मॅनेजर, सहज चालता चालता बूट मारला. फोरमनने तिथल्या तिथे त्याला खाली बसवून, मारल्या जागी फडक्याने पुसायला लावलं. त्या दिवशी आम्ही सगळे खूश होतो, हे नाकारत नाही. पण हाच माणूस आमच्या मोटारसायकलींपाशी येऊन टायरवर अंगठा दाबायचा, तोंडाने च्च करायचा आणि पुढे जायचा. काय चुकलं ते सांगायचा नाही. नुसतं च्च. घरी जाताना सगळा रस्ता ते च्च आपल्या मागे बसून यायचं.

‘का’ हा शब्द त्याला खपत नसे. का विचारणाऱ्याला तो म्हणायचा, “का ते माझ्यापाशी हाय. तुमच्यापाशी काम हाय.” 

एक नवा विद्यार्थी, कोवळाच, त्याने विचारलं की विमानाच्या टायरला गाडीच्या टायरसारखी नक्षी का नसते, नुसत्या गोल सरळ खाचाच का? फोरमन म्हणाला, नक्षी पायजे असंल तर साडीच्या दुकानात जा. सगळे हसले, पोरगं गोरंमोरं झालं. खरं उत्तर एका वाक्याचं होतं. विमानाला रस्त्यावरच्या गाडीसारखी वळणं घ्यायची नसतात, सरळ धावायचं आणि सरळ थांबायचं असतं, ओल्या पट्टीवर पाणी खाचांतून निघून गेलं की भागलं. हे मी पुढे पुस्तकात वाचलं. साडीच्या दुकानाचा पत्ता सांगायला त्याला जेवढा वेळ लागला, तेवढ्यात हे सांगून झालं असतं.

माझ्या स्टोअरात तर त्याचंच राज्य. टायर आडवे रचायचे नाहीत, उभे ठेवायचे. खिडकीला काळा पडदा. ऑइलचे डबे दुसऱ्या कोपऱ्यात. इथपर्यंत ठीक. एका एप्रिलात येऊन त्याने माझा टेबलपंखा बंद केला आणि उचलून बाहेर ठेवला. पत्र्याची खोली, खिडकीवर काळा पडदा, आणि पंखा नाही. मी विचारलं तर त्याने ते नेहमीचंच ऐकवलं. सबंध उन्हाळा मी टॉवेल ओला करून डोक्यावर ठेवला. शेवटी शिक्षकांकडून पुस्तक मागून आणलं आणि रात्री जागून शोधलं. त्यात असं होतं की ज्या मोटारींतून ठिणग्या उडतात त्यांच्याजवळ रबर ठेवू नये, ठिणग्यांनी हवेत ओझोन वायू होतो आणि त्याने रबराला चिरा पडतात. माझा पंखा ठिणग्यांच्या जातीचा नव्हताच. म्हणजे उन्हाळाभर मी कशासाठी उकडून निघालो? मी पुस्तक त्याच्यासमोर धरलं. त्याने वाचलं, पुस्तक मिटलं आणि म्हणाला, “तरीपण नको.” या दोन शब्दांसाठी मी त्याला आजही माफ केलेलं नाही.

त्याला पुरून उरलेला माणूस मी एकच पाहिला, तो इस्लामपूरकडचा एक ऊसवाहतुकीचा गाडीवान. आमच्या भागात कारखान्याला ऊस नेणाऱ्या बैलगाड्यांना मोठ्या विमानांचे जुने, बाद झालेले टायर लावतात, हे बाहेरच्यांना खोटं वाटेल. हा गाडीवान विमानाचा टायर मिळतो का विचारायला फाटकाशी आला. आमचे टायर बारके, त्याच्या कामाचे नव्हतेच. पण फोरमन बाहेर गेला, गाडीभोवती फिरला, आणि हवा कमी हाय, कड घासलीया, उन्हात गाडी सोडतोस, तुला टायर ठेवायची लायकी न्हाई, असं त्याला फाडफाड बोलला. गाडीवानाने शांतपणे तंबाखू मळली. मग म्हणाला, “फोरमनसायेब, आमची बैलं उडत न्हाईत.” आणि कासरा ओढून निघाला. फोरमन त्या दिवशी जेवला नाही.

आता त्या रेघेचं.

विमानाच्या चाकावर, रबर आणि आतली धातूची रिम यांच्या सांध्यावर, रंगाची एक आडवी रेघ मारलेली असते. अर्धी रबरावर, अर्धी रिमवर. ती कशासाठी ते मी इथेच सांगतो, कारण मला आता ठाऊक आहे. आमच्या लहान विमानांच्या टायरमध्ये ट्यूब असते. नवा टायर कधीकधी, आणि हवा कमी असलेला हमखास, ब्रेक लागताना रिमवर जरासा सरकतो. टायरबरोबर ट्यूब ओढली जाते, पण तिचा व्हॉल्व्ह रिमच्या भोकात अडकलेला असतो. सरकत सरकत एक दिवस व्हॉल्व्ह तुटतो आणि हवा एकदम जाते. रेघ सरळ असली तर टायर जागेवर आहे. रेघेचे दोन तुकडे मागेपुढे झाले तर टायर सरकलाय, चाक उतरवा. बस.

यातलं एक अक्षर फोरमनने आम्हांला सांगितलेलं नव्हतं. आम्हांला काय दिसायचं? रोज सकाळी तो प्रत्येक चाकापुढे वाकायचा, रेघेकडे बघायचा आणि खणखणीत आवाजात “सरळ” म्हणून उठायचा. इंजिनवाल्या मिस्त्रीला तो त्याचा काही फौजी विधी वाटायचा.

त्याच्या मागून झाडू घेऊन फिरायची ती हौसाक्का. जतकडच्या दुष्काळी भागातली, मेंढरांमागे वाढलेली. नवरा कुपवाडला कारखान्यात होता, तिथे प्रेसच्या मशिनमध्ये त्याचा हात गेला, तेव्हापासून तो घरी आणि घर हिच्या पगारावर. हँगर झाडणं, पुसणं, विमानं धुणं हे तिचं काम. तिला फोरमनची जेवढी बोलणी खावी लागली तेवढी आम्हां सगळ्यांना मिळून लागली नसतील. आणि ती बहुतेक रेघांवरून. जमिनीवरच्या पिवळ्या पट्ट्यावर चिखल राहिला, शिव्या. खुर्च्या ओळीत नाहीत, शिव्या. भिंतीवर पाने-पक्कड टांगायला आखलेल्या खुणांत पाना वाकडा लागला, शिव्या. “रेघ सरळ पायजे” हे वाक्य त्या बाईने इतक्या वेळा ऐकलं की ती घरी भाकरीच्या चवडीलाही हात लावून सारखी करते, असं तिचा नवरा सांगायचा.

गेल्या नवरात्रात फोरमन दोन दिवस गावी गेला. जायच्या आदल्या दिवशी त्याने एका विमानाच्या उजव्या चाकाला नवा टायर चढवला होता. नवा टायर हवा भरल्यावर जरा ताणतो, दाब उतरतो, दुसऱ्या दिवशी पुन्हा मोजून भरावी लागते. हे त्याला ठाऊक होतं, आणि फक्त त्यालाच. तरी गेज कपाटात, किल्ली साताऱ्याला. ते दोन दिवस विमान उडलं, उतरलं, ब्रेक लागले, आणि टायर बोटभर सरकला. रेघ मोडली. आम्ही सगळे तिच्या शेजारून येत-जात होतो.

खंडेनवमीला आमच्याकडे विमानांची पूजा असते. मालक सहकुटुंब येतात, नारळ फुटतो, चाकाखाली लिंबू ठेवतात. आदल्या दिवशी सगळं हँगर धुऊन, रंगवून काढायचं असतं. हौसाक्काने विमानं धुतली. धुताना तिला ती रेघ दिसली. एक तुकडा इथे, एक तिथे. उद्या फोरमन येणार, मालकांच्या देखत आपल्याला बोलणार, हे तिच्यापुढे उभं राहिलं असेल. तिने रबरावरचा तुकडा रॉकेलच्या फडक्याने पुसला, दारं रंगवायला आणलेला तांबडा रंग घेतला, आणि पट्टी धरून रबरापासून रिमपर्यंत एक नवी कोरी, देखणी रेघ ओढली. तिला वाटलं की चला, एक काम नीट झालं.

दुसऱ्या दिवशी फोरमन आला तो सुटात, छातीवर फौजेची पदकं लावून, आणि उशिरा आला. मालक आधीच पोचले होते. चाकांना हार घातलेले, हळदकुंकू वाहिलेलं. अशा वेळी गुडघे टेकून हवा मोजायची म्हणजे सूट चुरगळणार. गेज त्याने कपाटातून काढलंच नाही. इतक्या वर्षांत मोडला नसेल तो नेम त्याने पदकांपायी मोडला. वाकून रेघ तेवढी बघितली, “सरळ” म्हणाला, आणि वर मालकांना बोलावून दाखवली. इतकी सरळ रेघ तुम्हाला दुसऱ्या कुठल्या हँगरात दिसणार न्हाई म्हणाला. नव्या रंगाचा वास येत होता. ज्याला जगातल्या प्रत्येक टायरचा दोष दिसायचा त्याला तो आला नाही, कारण मालक मान डोलवत होते.

दसऱ्यालाही फोरमन त्याच सुटात आला, गेज कपाटातच राहिलं. मुहूर्त म्हणून एक विद्यार्थिनी त्याच विमानातून पहिल्यांदा एकटी उडाली. उडाली चांगली, फेरी मारून आली चांगली. चाकं टेकली, तिने ब्रेक लावले आणि उजवा टायर गेला. विमान गर्रकन उजवीकडे ओढलं गेलं, पट्टी सोडून चर ओलांडून उसात घुसलं. आम्ही धावलो. विमानाचा पुढचा पंखा वाकला होता, उसाचे वाढे काचेवर आडवे झाले होते, आणि ती पोरगी आत दोन्ही हातांनी विमान वळवायचा दांडा धरून बसली होती. तो सोडवायला शिक्षकाला तिची बोटं एकेक करून उघडावी लागली. खरचटण्यापलीकडे तिला काही झालं नाही. तिची आई फाटकाजवळ पेढे घेऊन उभी होती. ती बाई नंतर बराच वेळ ते पेढे तसेच हातात धरून होती.

फोरमन चाकापाशी बसला. रेघेवर नख ओढलं, तर रंग नखात आला. रबरावर पुसलेल्या तुकड्याची पुसट खूण बोटभर लांब दिसत होती. त्याने मान वर करून विचारलं, “हे कुणी रंगिवलं?” हौसाक्का मागेच उभी होती. तिने सांगितलं की मी. तिला वाटलं, रंग कच्चा निघाला म्हणून विचारतोय.

तिसऱ्या प्रहरी मॅनेजरने सगळ्यांना कचेरीत बसवलं. मालकांना संध्याकाळपर्यंत जबाब हवे होते आणि मॅनेजरला निकालाची घाई होती. त्याच्या दृष्टीने सोपं होतं. झाडणाऱ्या बाईने खूण पुसली, बाईला काढा, विषय संपला. मी उभा राहिलो. दोन दिवस गेज कुलपात होतं आणि किल्ली कुठे होती हे मी स्पष्ट सांगितलं. मॅनेजर म्हणाला, तुम्ही स्टोअरपुरतं बोला. इंजिनवाला मिस्त्री भिंतीकडे बघत होता. हौसाक्का दाराशी पदर आवळून उभी होती. मॅनेजरने तिला विचारलं की तुला हा उद्योग कुणी सांगितला होता?

ती मॅनेजरकडे न बघता फोरमनकडे बघून बोलली. “आवं सायेब, तुमीच रोज म्हणायचासा न्हवं, रेघ सरळ पायजे? मोडल्याली दिसली. सरळ केली.”

मला खात्री होती की आता हा माणूस तिला खाणार. फोरमन उठला. आदल्या दिवशीचाच सूट त्याच्या अंगात होता, गुडघ्यांना चिखल लागलेला.

“तिला काढू नका,” तो म्हणाला. “ती रेघ कशाची असती ते हिला ठावं न्हवतं. हितं कुणालाच ठावं न्हाई. मी सांगितलंच न्हाई. ह्या अडाण्यांच्या डोक्यात काय शिरणार हाय, म्हणून न्हाई सांगितलं. गेज मी कुलपात ठिवलं, हवा मी बघितली न्हाई. लिवा तसं, मी सही करतो.”

बघा. नोकरी गमावतानासुद्धा आम्हांला अडाणी म्हणून घेतलंच. एका बाईची भाकर वाचवायची तीही तिला शिवी देऊन. त्याने केलं ते बरोबर केलं, पण ते ऐकताना माझं रक्त उकळत होतं आणि मला त्याचा आदर वाटला असं कुणी म्हणू नये. मॅनेजरला मात्र हे फारच सोयीचं पडलं. चाक पुसायला लावलेलं तो विसरला नव्हता. त्याने फोरमनच्या तोंडचं शब्दाला शब्द लिहून घेतलं, सही घेतली आणि उद्यापासून येऊ नका म्हणाला.

फोरमन कपाटातलं सामान आवरायला हँगरात आला. हौसाक्काने रोजच्याप्रमाणे सगळ्यांना चहा आणून ठेवला, त्यालाही. मला वाटलं ती पाया पडेल, आपल्याकडे बायका पडतात. ती पडली नाही. आभारही मानले नाहीत. कपाटाच्या बाजूला उभी राहून म्हणाली, “आता जातायसा तर तेवढं सांगून जावा. कशाला असती ती रेघ?”

फोरमनने तिच्याकडे बघितलं, मग आमच्याकडे. आम्ही हललो नाही. कोपऱ्यात एक सुटं चाक पडलं होतं, ते त्याने आडवं केलं, सूट घालूनच खाली मांडी घातली आणि सांगायला लागला. हे रबर, ही रिम, ह्यो व्हॉल्व्ह. नवा टायर कसा ताणतो, हवा कमी पडली की कसा सरकतो, ट्यूब कशी ओढली जाते, रेघ मोडली की काय समजायचं. हाताने टायर फिरवून दाखवला. हौसाक्का समोर उकिडवी बसली होती. मध्ये तिने दोनदा ‘का’ विचारलं आणि दोन्ही वेळा त्याने सांगितलं. चांगलं सांगत होता, कुणालाही कळेल असं. त्याचा चहा निवायच्या आत सगळं सांगून झालं.

हौसाक्काने चाकावरून हात फिरवला.

“एवढंच हुतं व्हय?” ती म्हणाली.

फोरमनने चाक उचलून उभं केलं. मग म्हणाला, “व्हय.”